दीड रोट

२१ जून १९४६, शुक्रवार. अमळनेर

कॉलेज उघडलं. पितांबर सर म्हणाले, खेळाडूने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे आपण कुठे चुकलो ते कळतं. मी रोज लिहिणार नाही. सांगण्यासारखं घडलं तर लिहीन, आणि फारसा चुकत नसल्यामुळे वही पुष्कळ दिवस पुरेल.

गेल्या वर्षी मी शेवटच्या बाकावर बसायचो. मागच्याला फळ्याऐवजी माझी पाठ दिसते अशी तक्रार होती. यंदा इंटरचं वर्ष आहे, तक्रारीला भीक घालायची नाही असं ठरवून पहिल्या बाकावर जाऊन बसलो. पुढे बसलं की अभ्यास चांगला होतो.

माझी उंची सहा फूट दोन इंच. गावात तिचा उपयोग एकच, माळ्यावरची मडकी शिडीशिवाय काढणे. लग्नाच्या मांडवात तोरण बांधायचं असलं की हाक यायची, "चुडामणले बलावा." गेल्या वर्षी कॉलेजच्या नव्या कोर्टावर सरांनी मला पाहिलं आणि हातात बास्केटबॉल दिला. तोपर्यंत मी हा खेळ ऐकलाही नव्हता. पण कोपऱ्यातून, लांबून टाकलेला चेंडू कशालाही न लागता रिंगमधून खाली आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या उंचीची लाज वाटली नाही.

डिसेंबरात धुळ्याला खानदेशातल्या संघांचे सामने आहेत. आमच्या कॉलेजचे पाच जण उतरतील. त्या पाचांत मला असायचंच आहे. बाकी काही नको.

७ जुलै, रविवार. गावी

आबांना, म्हणजे वडिलांना, सामन्यांचं सांगितलं. त्यांनी खेळ नीट समजावून घेतला. जमीन, दोन खांब, वर लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा आणि तो खालून पडतो.

"म्हंजे बूड नसलेली टोपली," आबा म्हणाले. "तिच्यामा काय टाकशी आनि काय ऱ्हाई?"

यावर सगळे हसले. माझी माय, ताईबाई, ती कधी हसत नाही, तीही हसली. शेवटी आबांनी निकाल दिला: "धुळाले निवड व्हयनी तं खेळ. नही व्हयनी तं बैल वाट दखी ऱ्हायनात."

एकूण मामला स्पष्ट आहे.

ओसरीवर झोपलो होतो. लहानपणी इथून चांदण्या किती दिसायच्या! आता गावातही कमी झाल्या. ढग असतील.

१९ जुलै, शुक्रवार

पावसाने कोर्टाचा चिखल केला आहे. केवलचंदच्या वडिलांच्या, घेवरचंद शेठच्या जिनिंगमध्ये कापसाचं गोदाम हंगाम येईपर्यंत रिकामं असतं. शेठनी आढ्याला रिंग लावू दिली. आम्ही तिथे खेळतो. खाली सरकी रुतते, वर चिमण्या ओरडतात.

केवलबद्दल लिहिलं नाही अजून. माझ्या खांद्याएवढा आहे, पण चेंडू घेऊन असा पळतो की समोरचा अजून उजवीकडे बघत असतो आणि हा डावीकडून गेलेला असतो. त्याचा पास आणि माझा लांबचा चेंडू, या जोडीवर सरांची सगळी भिस्त. मारवाड्यांचा आहे, पण अहिराणी आमच्या झुलाल काकापेक्षा चांगली बोलतो. त्याची आई लाडकुंवरबाई चामड्याच्या चेंडूला हात लावला म्हणून त्याला रोज अंघोळ करायला लावते. त्यामुळे आमच्या संघात सर्वांत स्वच्छ तोच.

आज माझे लांबचे बरेच चेंडू चुकले. गोदामात उजेड कमी. डोकंही दुखत होतं. नवीन ब्लॅडर मुंबईहून येईपर्यंत जुन्या चेंडूत हवा धड राहत नाही, हेही कारण असेल.

५ ऑगस्ट, सोमवार. गावी

आज भलतंच होऊन बसलं.

काल आमच्याकडे कानबाई बसली. कानबाई म्हणजे आमची खानदेशी देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. घरात जेवढे पुरुष, अगदी पाळण्यातला धरून, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ घ्यायची, घरच्या जात्यावर दळायची आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरलेच तर जमिनीत पुरायचे पण कुणाला द्यायचे नाहीत. हे सगळं मोठी माय बघते. मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू, भिकुबाई. आमच्या घरात कानबाईच्या खालोखाल तिचाच मान.

सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर नेली. संध्याकाळी केवल सायकलवर मला न्यायला आला, कारण उद्या सराव. घरातले सगळे शेजारी गेलेले, मी गोठ्यात धार काढत होतो. सूर्य टेकला होता. सूर्य मावळल्यावर केवलच्या घरात कुणी पाण्याचा थेंबही घेत नाही, आणि हा पोटात कावळे घेऊन आलेला. मी गोठ्यातूनच ओरडलो, "घरात जा, जे दिसेल ते खा!"

त्याला टोपली दिसली.

मोठी माय परत आली ती थेट टोपलीपाशी. "टोपलीमाईन रोट कोनी काढात?"

"मी खाधा, मोठी माय," केवल हात धूत म्हणाला. "दीड खाधा. गूळसंगे. भू चांगला व्हता."

मोठी माय मटकन खाली बसली. "अरे देवा! कानबाईना रोट शे तो! आमनी कमल, घरनी पोर, पन लगीन व्हयनं ना, तिले बी देत नही आम्ही!"

केवलचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. चूक माझी होती. पण मी गप्प राहिलो, आणि आबाच म्हणाले, "खाधा तं खाधा. पोटमाईन काढता येस का आते?"

"कानबाई काय करी ते तिले ठाऊक," मोठी माय म्हणाली. आणि मग केवलकडे बघून म्हणाली, "अंधार पडी. जा हळू."



२८ ऑगस्ट, बुधवार

मी शिकलेला माणूस आहे. लॉजिकचा पेपर आहे मला. पण जे घडतंय ते लिहिलं पाहिजे.

त्या दिवसापासून माझा हात गेला. लांबून टाकलेला चेंडू रिंगच्या कडेला लागतो, नाहीतर लागतही नाही. सरांनी कोपर तपासलं, पाय तपासले, मनगट तपासलं. "टाकणं बरोबर आहे," म्हणाले, "जातो कुठे कोण जाणे."

रिंगखाली उभं राहून टाकला की जातो. चार पावलं मागे गेलो की नाही. कानबाई अंतर पाहून कोपते की काय?

केवलला काही बोललो नाही. पण त्याच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. सरावामुळे घरी पोचेपर्यंत सूर्य मावळतो म्हणून तो माझ्या खाणावळीत आधीच जेवतो, मी नंतर. आधी मीही त्याच्या वेळेला जेवायचो.

२२ सप्टेंबर, रविवार. गावी

नवीनच ऐकलं. झुलाल काका सोमवारच्या बाजाराला अमळनेरला आला होता. म्हणतो, रस्त्यापलीकडून मला हात केला आणि मी सरळ बघून पुढे निघून गेलो. घरी येऊन सांगितलं, "पोऱ्या कालेजमा गया आनि वळख इसरी गया." आबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

देवाशपथ, काका मला दिसला नाही! पण संकट आलं की चहूबाजूंनी येतं. खेळ गेला, आता माणसंही जाणार.

मोठी मायला न सांगता कानबाईच्या देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला. तिने तो पाहिला. विचारलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार. जळगाव स्टेशनवर लिहितो आहे

जळगावच्या संघाशी मैत्रीचा सामना होता. मैत्री नावालाच. सपाटून हरलो.

सरांनी खुणा ठरवल्या आहेत. केवलने एक बोट दाखवलं की मी डावीकडे जायचं, दोन दाखवली की उजवीकडे. आज तो लांबून कसल्या खुणा करत होता कोण जाणे. मी डावीकडे गेलो की चेंडू उजवीकडे. दोनदा चेंडू माझ्या कानावरून गेला. मुद्दाम करतो की काय असंही मनात आलं. लोक हसले. एक जण ओरडला, "खांब उखडा तो! मधी उभा शे!"

दुसऱ्या डावात सरांनी मला बाहेर बसवलं. पहिल्यांदाच.

स्टेशनवर आलो तेव्हा राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "केवल, तुझ्या त्या दीड रोटाने माझा हात घालवला. तुला कानबाईचं काही नाही, पण मला आहे."

वाटलं होतं तो चिडेल. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "किती वाजले रे?"

फलाटाच्या टोकाला एवढं मोठं घड्याळ टांगलेलं असताना!

"तूच बघ," मी म्हणालो. "मी काय तुझा मुनीम आहे?"

"साडेपाच वाजलेत," तो हळूच म्हणाला आणि तरीही माझ्याकडेच बघत राहिला. मग दूर जाऊन बसला. बसू दे.

दिवाळी, भाऊबीजेचा दिवस. गावी

रावेरहून बहिणीला, कमलला, घेऊन आलो. तिच्या सासरी केळीच केळी. येताना चार फण्या बांधून दिल्या, त्या माझ्याच डोक्यावर. ओवाळताना कमलने काजळाचं बोट लावलं आणि म्हणाली, "भाऊ, डोळा बारीक करीसन काय दखस? मी काही राक्षीन नही."

हसलो. हसावंसं वाटत नव्हतं.

आज आबांना स्पष्ट सांगितलं की बहुधा धुळ्याला माझी निवड होणार नाही. ते म्हणाले, "मंग बैल शेतच." त्यांना आनंद झाला असं नाही. मला वाटलं होतं होईल. मी मळ्यात जाऊन विहिरीच्या काठावर बसलो आणि रडलो. बास्केटबॉलसाठी रडलो हे कुणाला सांगणार? हे इथेच राहू दे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मायचा निरोप घेऊन गडी आला होता, त्याच्याकडून कळलं. मी कमलला पोचवायला रावेरला गेलो तेव्हा केवल सायकल मारत गावी आला होता! मोठी मायपाशी बराच वेळ बसला. माफी मागायला आला असणार. बरं झालं, उशिरा का होईना.

पण गडी म्हणतो, माफीचं काही नव्हतं. तो विचारत होता, चुडामणला लहानपणी लांबच्या झाडावरचा राघू दाखवला तर दिसायचा का, आणि आता दिसतो का. अहो, कानबाईचं विचारायचं सोडून हा राघूचं विचारतो! मोठी मायने त्याला गूळ-शेंगदाणे दिले म्हणे. रोट सोडून सगळं देते.

२ डिसेंबर, सोमवार

नावं लागली. पाचांत मी नाही. राखीव दोघांत आहे. सर म्हणाले, "तुझा हात परत येईल म्हणून नेतो आहे. नाहीतर नेलं नसतं."

फळ्यासमोर उभं राहून माझं नाव दोनदा वाचलं.

१४ डिसेंबर, शनिवार. धुळे

सर्व्हिस मोटारीने आलो. धर्मशाळेत उतरलो. उद्या सामना.

दुपारचं जेवण झाल्यावर केवल जवळ आला. जळगावनंतर पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, "माझे डोळे दुखताहेत. इथे एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत, वडिलांच्या ओळखीचे. एकटं जायला नको वाटतं. येतोस?"

उद्या सामना आणि आमचा सगळ्यांत चांगला खेळाडू डोळे धरून बसलेला! रुसवा बाजूला ठेवून गेलो.

डॉक्टर म्हातारे, सावकाश बोलणारे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. केवलने वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही, धूळ गेली असेल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आलाच आहात तर तुमचेही बघू."

मी म्हटलं, नको, मला काही होत नाही. केवल म्हणाला, "बस ना, माझी सोबत म्हणून."

मी दुसऱ्या ओळीला अडलो. माझं इंग्रजी कच्चं नाही. पण ती अक्षरं बुरशी धरल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी नाकावर एक जड चौकट ठेवली, तिच्यात एक काच घातली, काढली, दुसरी घातली, आणि म्हणाले, "खिडकीबाहेर बघा."

बाहेर लिंब होता. त्याला पानं होती.

म्हणजे पानं असतात हे मला माहीत होतं. पण ती एकेक, वेगळी, काठासकट दिसत होती. एका फांदीवर खार बसलेली होती आणि तिच्या शेपटीचा केस न केस हलत होता. मी चौकट काढली. लिंबाचा हिरवा ढग झाला. पुन्हा लावली, पानं आली. मी घाबरलो होतो, खरंच.

"हे कधीपासून?" मी विचारलं. "ऑगस्टपासून का?"

"छे छे," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं तरी झाली असतील. हळूहळू वाढतं, कळत नाही."

दोन वर्षं. रोटाच्या कितीतरी आधीपासून. मी केवलकडे बघितलं, पण तो खारीकडे बघत होता.

काय योगायोग असतात! केवलचे डोळे नेमके आज दुखले म्हणून, नाहीतर मी जन्मभर कानबाईला नारळ फोडत बसलो असतो. चष्मा दहा-बारा दिवसांनी मिळेल. धर्मशाळेकडे येताना केवलला म्हणालो, "स्टेशनवर बोललो ते..." तो म्हणाला, "चल, सूर्य चाललाय, मला जेवायचंय." मग पूर्वीसारखा त्याच्याबरोबर मीही जेवलो.

१५ डिसेंबर, रविवार. धुळे

सकाळी सरांना सगळं सांगितलं. ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "मी तुझं कोपर तपासत बसलो!"

दुसऱ्या डावात आमचा एक जण फाउल होऊन बाहेर गेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "लांबून टाकू नकोस. रिंगखाली उभा राहा. बाकी केवल बघेल."

केवलने बघितलं म्हणजे काय, बोंबलत सुटला! बोटांच्या खुणा बंद. "लंब्या, डावी! लंब्या, मागे! लंब्या, हात वर!" मी हात वर केला की चेंडू हातात येऊन बसायचा. समोरच्या संघालाही सगळं ऐकू जात होतं, पण माझ्या हाताच्या उंचीवर त्यांच्यातलं कुणी पोचत नव्हतं. लोक हसत होते. मग हसायचे थांबले आणि तेही ओरडायला लागले, "लंब्या, हात वर!"

एका चेंडूने हरलो. मला इतकं बरं वाटत होतं की सरांनी विचारलं, "अरे, आपण हरलो, ठाऊक आहे ना?"

१७ डिसेंबर, मंगळवार. गावी

आबांनी विचारलं, "पाचमा व्हता का?"

"नव्हतो. सहावा होतो."

आबांनी विडी पेटवली. "सहावा बी मानूसच शे," म्हणाले आणि उठून बैलांना चारा टाकायला गेले.

२६ डिसेंबर, गुरुवार. गावी

चष्मा आला. मोठी मायने हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. माय म्हणाली, मास्तरसारखा दिसतोस. झुलाल काकाच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडलो आणि बाजारातलं सगळं सांगितलं. काका आधी हसला, मग त्यानेच मला पोटाशी धरलं.

अंधार पडल्यावर ओसरीवर आलो. चांदण्या तेवढ्याच होत्या. एकही कमी झालेली नव्हती.

२ फेब्रुवारी १९४७, रविवार. जळगाव

पाचांत होतो. चष्मा कमलच्या परकराच्या नाडीने डोक्यामागे बांधला होता. जळगावकरांनी थट्टा केली. पहिला चेंडू कोपऱ्यातून टाकला तो रिंगला न लागता खाली आला, तेव्हा थट्टा थांबली. केवलने पलीकडच्या टोकावरून एक बोट दाखवलं. ते बोट मला दिसलं. नखाला शाई लागली होती तीसुद्धा.

जिंकलो. सप्टेंबरात नाशिकला खानदेशचा मिळून एक संघ जायचा आहे. त्यात माझं नाव देणार असं सर म्हणाले. केवलचंही.

१६ एप्रिल, बुधवार

परीक्षा संपली. केवल कॉलेज सोडतो आहे. घेवरचंद शेठनी धुळ्याला नवी पेढी काढली, तिथे त्याला बसवणार. नाशिकला येणार नाही.

मी खूप बोललो. शेठना भेटतो म्हणालो, सरांना पाठवतो म्हणालो. तो म्हणाला, "आमच्या घरात थोरला मुलगा पेढीवर बसतो. तुझ्याकडे बैल वाट बघतात, माझ्याकडे गादी. तू सुटलास, एकाने सुटलं तरी पुष्कळ झालं."

मोटारीवर पोचवायला गेलो. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, "तुझे डोळे आता कसे आहेत?"

तो जो हसायला लागला तो ट्रंकेवर बसूनच हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझे?" म्हणाला. "माझे बरे आहेत, लंब्या. माझे फार बरे आहेत."

हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे. मोटार सुटली. वळणापर्यंत त्याचा हात दिसत होता, आणि या चष्म्यामुळे नको तितका वेळ दिसला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन आमच्या कोर्टावर झालं, कारण कॉलेजात तेवढीच जागा सपाट. दोर गाठीत अडकला तेव्हा पुन्हा तीच हाक आली, "चुडामणला बोलवा." या वेळी आनंदाने गेलो. खाली उभे असलेले सगळे चेहरे दिसत होते. एक नव्हता.

२३ ऑगस्ट, शनिवार. गावी

यंदा अधिक श्रावण आल्यामुळे कानबाई उशिरा. उद्या बसणार. नाशिकची नावं लागली, मी पाचांत आहे. आबांनी गावभर सांगितलं, आणि वर "बूड नसलेली टोपली" म्हणायलाही विसरले नाहीत.

दुपारी मोठी माय जात्यापाशी गहू मोजायला बसली. कमल माहेरी आली आहे, ती सूप धरून बसली, शेजारी माझी माय. मोठी माय प्रत्येकाचं नाव घेत सव्वा मूठ टाकते. "लोटनना. झुलालना. चुडामणना." लोटन म्हणजे आबा. अशी सगळी नावं झाली. काकाच्या तान्ह्या नातवाचंही झालं. मग तिने आणखी एक सव्वा मूठ घेतली आणि नाव न घेता टाकली.

मी म्हटलं, "मोठी माय, एक जास्त झाली."

"नही व्हयनी."

"झाली. मी मोजली. घरातले सगळे झाले."

मोठी मायने कमलकडे पाहिलं, कमलने मायकडे. तिघीही हसायला लागल्या. मोठी माय हसते तेव्हा तिचा आवाज येत नाही, नुसती हलते.

"दिवाळीमा तो आठे उना व्हता," ती म्हणाली. "म्हने, मोठी माय, चुडामणले दखावत नही, डॉक्टरकडे कसा लई जाऊ? सांगसू तं तो चिडी. मीच सांगं त्याले, तुन्हाच डोळा दुखतंस आसं सांग. सोबत म्हनीसन ई तो."

लिंब आठवला, खार आठवली. फलाटावरचं घड्याळ आठवलं. ट्रंकेवर बसून हसणारा केवल आठवला. आठ महिने मी त्याला योगायोग म्हणत होतो!

"रोट खाधा त्यानी," मोठी माय म्हणाली. "मी वरीसभर वाट दखी, कानबाई काय करस. तिनी काय करं? तुले डोळा दिधात, त्याना हातथीन. मंग तो भाऊबंद नही तं कोन शे?" आणि मग माझ्या नाकावरच्या काचेकडे बोट करून म्हणाली, "चष्मा लाईसन बी तुले काही दखावत नही."

"आनि मी?" कमल म्हणाली. "पोटनी पोर मी, माले तुकडा नही, आनि मारवाडीना पोऱ्याले सव्वा मूठ?"

"तू तुन्हा सासरना खाय," मोठी माय म्हणाली आणि जातं ओढायला लागली.

मी घराबाहेर आलो. रडलो, पण या वेळी विहिरीपर्यंत जाण्याचीही वाट पाहिली नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रोट पौर्णिमेच्या आत संपायला हवा, आणि पौर्णिमा रविवारी. म्हणून आजच धुळ्याला निघतो आहे. केवल पेढीवरच सापडेल.

मोठी मायने फडक्यात रोट बांधून दिले. वर गुळाचा खडा. मी बघितलं तर दीडच. म्हटलं, एवढ्या लांब चाललोय, दोन तरी दे. ती म्हणाली, "दीडच. त्याना हिस्सा तितलाच शे, त्यानीच ठरायेल."

मोटार दुपारची आहे. रस्त्यात कितीही खोळंबली तरी सूर्य मावळायच्या आत पोचलं पाहिजे.